त्यांच्या बोटांना काही नाही, मग माझ्याच का?

दुकानात चादर घ्यायला आलेली बाई हळूच विचारते, दवाखान्यात ओळख झालेली विचारते, माझी जाऊही विचारते : "तुमचं नि त्या विडीवाल्या ताईंचं औषध एकच होतं ना? मग तुमच्याच हातापायांना हा बधिरपणा कसा?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आम्हा दोघींना स्तनाचा कर्करोग, दोघींना पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध, आठवड्याला एक अशी १२ सलाईन. त्या आजही विड्या वळतात. मला सातव्या सलाईननंतर चादरीचा पोत चिमटीत कळेना. ३० वर्षं बोटांनी कापड ओळखणारी बाई मी. एक सुती, एक मिश्र सुताची. दोन्ही सारख्याच लागल्या. त्या दिवशी गल्ल्यावर बसून रडले. मे महिन्यात सिद्धेश्वराच्या देवळात तापलेल्या फरशीवरून अनवाणी गेले. तळपायाला फोड आलाय हे रात्री पाय धुताना दिसलं, जाणवलं नव्हतंच.

लोक म्हणतात, "तुमच्यात ताकदच कमी." हे फार लागतं, कारण ते खरं नाही.

पेशी दुभंगायला आतल्या सूक्ष्म नळ्या लागतात. हे औषध त्या नळ्या जखडून टाकतं, म्हणून गाठ वाढत नाही. नसांच्या पेशी दुभंगत नाहीत, पण त्यांच्या सगळ्या मालाची ने-आण याच नळ्यांवरून होते. पायाच्या अंगठ्यापर्यंतचा तंतू कमरेजवळून निघतो, जवळजवळ एक मीटर लांब. मागावरचा धोटा मध्येच अडकावा तसं होतं, आणि सर्वांत लांबचं टोक आधी उपाशी राहतं.

आता माझंच का? मला १४ वर्षांची शुगर. ती नसांना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना आतून पोखरत असते. तिच्यासाठी मेटफॉर्मिन, आणि ते वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ जीवनसत्त्व घटू शकतं. त्यात आमचं घर शाकाहारी. बी-१२ कमी पडलं की नसांवरचं वेष्टण कमकुवत होतं. माझं किती आहे हे पहिल्या सलाईनआधी कुणी तपासलं नाही, मलाही सुचलं नाही. वय आणि वजनही माझंच जास्त. ताईंना यातलं काहीच नव्हतं.

काही जणांच्या जनुकांतच नसांचा हा नाजूकपणा असतो. सदाफुलीपासून काढलेलं व्हिंक्रिस्टिन हे कर्करोगाचं दुसरं औषध, शार्को-मारी-टूथ नावाचा नसांचा आनुवंशिक आजार असलेल्याला दिलं तर थोड्या डोसातही हातपाय लुळे पडू शकतात. कधीकधी त्या आजाराचा पत्ता तेव्हाच लागतो. म्हणून घरात कुणाचे पाय लहानपणापासून अशक्त, वाकडे असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावं.

माझी एक चूक मात्र झाली. मुंग्या चौथ्या सलाईनपासून येत होत्या, औषध बंद करतील या भीतीनं मी बोलले नाही. सांगितल्यावर डॉक्टरांनी बंद केलं नाही, डोस कमी केला.

आता सव्वा वर्ष झालं. हाताला पोत पुन्हा कळतो, सुती नि मिश्र वेगळं लागतं. पायाची बोटं अजून बधिरच आहेत. रोज रात्री आरसा धरून तळवे बघते.