उसाच्या एफआरपीपासून जिनिव्हापर्यंत : बीएला राज्यशास्त्र घेणाऱ्यांसाठी

बारावीचा निकाल लागला की सातारा-सांगलीकडं राज्यशास्त्राबद्दल दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'स्पर्धा परीक्षा करायची असेल तर घे' आणि 'सोपा विषय आहे, घे'. पहिलं अर्धं खरं आहे, दुसरं अजिबात नाही. गाईड पाठ करून पास होणं सोपं असेल, पण विषय कळणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती कशी साधायची यासाठी हा लेख.

आधी पदवीचं. 'आंतरराष्ट्रीय संबंध' अशा वेगळ्या नावाची पदवी शोधत बसू नका. शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजांत सहसा बीएला राज्यशास्त्र हा मेजर घ्यायचा असतो आणि आंतरराष्ट्रीय राजकारण त्याच्या पोटात येतं. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत तीन वर्षांची पदवी 120 ते 132 क्रेडिटची आणि चार वर्षांची ऑनर्स 160 ते 176 क्रेडिटची. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले 15 तास, म्हणजे चार क्रेडिटच्या पेपरला 60 तास. एवढ्या वेळात सर सगळं शिकवतील ही अपेक्षाच चुकीची. निम्मं काम घरी आणि लायब्ररीत करावं लागतं. मायनरला शक्य असेल तर अर्थशास्त्र घ्या. इतिहास वाईट नाही, पण व्यापार, कर्ज आणि निर्बंध कळत नसतील तर आजचं परराष्ट्र धोरण अर्धंच दिसतं.

हे आपल्याच भागातल्या उदाहरणावरून बघू. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा केंद्रानं ठरवलेला किमान दर. त्याचं आंदोलन कृष्णाकाठच्या पोरांना सांगावं लागत नाही. 2024-25 च्या हंगामासाठी केंद्रानं 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागं 340 रुपये एफआरपी ठरवली होती. हा दर दिल्लीत ठरतो आणि त्यावर जिनिव्हात खटला चालतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. 2019 मध्ये ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या ऊस-साखर धोरणाविरुद्ध जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. नियम असा की विकसनशील देशानं एखाद्या पिकाला दिलेला, व्यापारावर परिणाम करणारा आधार त्या पिकाच्या एकूण उत्पादन मूल्याच्या 10 टक्क्यांच्या आत हवा. भारताचं म्हणणं होतं की एफआरपी सरकार देतच नाही, कारखाने देतात, मग ती सरकारी मदत कशी? डिसेंबर 2021 मध्ये संघटनेच्या पॅनेलनं, म्हणजे तंटा ऐकणाऱ्या समितीनं, हा युक्तिवाद फेटाळला आणि 2014-15 ते 2018-19 अशा पाचही हंगामांत मर्यादा ओलांडल्याचा निष्कर्ष काढला. हा आधार मोजताना आजच्या दराची तुलना 1986-88 या काळातल्या संदर्भ किमतीशी करण्याची पद्धत संघटनेच्या कृषी करारातच आहे. महागाईचा विचार केला तर ही तुलना किती एकांगी आहे ते लगेच लक्षात येतं.

पुढचा भाग तर अख्खा पेपर शिकवणारा आहे. भारतानं निकालाविरुद्ध अपील केलं. पण अपील ऐकणाऱ्या मंडळात सात सदस्य असतात, एका प्रकरणाला किमान तीन लागतात, आणि अमेरिकेनं नव्या नेमणुका अडवून धरल्यामुळं डिसेंबर 2019 पासून ते मंडळ बंदच पडलेलं आहे. अपिलाचा निकाल लागल्याशिवाय पॅनेलचा अहवाल स्वीकारला जात नाही. म्हणजे प्रकरण लटकलं.

आता आंतरराष्ट्रीय राजकारणाचे तीन सिद्धांत लावून बघा. वास्तववादी म्हणेल, बलाढ्य देशाला नको असली की संस्था थांबते, बाकी सगळं बोलायचं. उदारमतवादी म्हणेल, तरीही देश तक्रार नियमांनुसारच करतात आणि अपीलही नियमांनुसारच करतात, हे कसं विसरता? रचनावादी विचारेल, एकाच रकमेला इथं 'शेतकऱ्याचा आधार' आणि तिथं 'व्यापारात अडथळा' का म्हणतात, आणि हे नाव कोण ठरवतं? सिद्धांताचा प्रश्न आला की व्याख्या, वैशिष्ट्यं, गुणदोष असं लिहून पान भरणं हा नेहमीचा घोटाळा. एकच प्रकरण तिन्ही सिद्धांतांतून मांडलं तर उत्तर निम्म्या जागेत बसतं आणि तपासणाऱ्याला मुलाला विषय कळलाय हे दिसतं.

सार्वभौमत्व या संकल्पनेसाठी साताऱ्याइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. 1819 मध्ये कंपनी सरकारनं छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी तह केला. राज्य चालवायला दिलं, पण बाहेरच्या सत्तांशी परस्पर व्यवहार करायची मनाई केली. अंतर्गत सत्ता आणि बाह्य सार्वभौमत्व यातला फरक इथं स्वच्छ दिसतो. 1839 मध्ये महाराजांना पदच्युत केल्यावर रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि 1853 पर्यंत तिथं ठाण मांडून राहिले. दरम्यान 1848 मध्ये राज्य खालसाही झालं. तह मोडल्याची दाद मोडणाऱ्याकडंच मागावी लागते, तेव्हा कायदा आणि ताकद यांचं नातं काय असतं? आंतरराष्ट्रीय कायद्याचा पहिला धडा याच प्रश्नानं सुरू करावा असं माझं ठाम मत आहे.

पाण्याचंही तसंच. कृष्णेचा वाद महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगणाचा, त्याला घटनेचं कलम 262, 1956 चा कायदा आणि लवाद आहे. सिंधूचा करार 1960 चा, दोन सार्वभौम देशांतला, आणि एप्रिल 2025 मध्ये भारतानं तो स्थगित ठेवला. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या उंचीवरून कितीही भांडण झालं तरी महाराष्ट्राला असं करता येत नाही, कारण वर केंद्र आहे. देशांच्या वर असं कोणी नसतं. यालाच पुस्तकात अराजक म्हणतात, त्याचा अर्थ गोंधळ असा नाही.

संयुक्त राष्ट्रांवरच्या प्रश्नात मुलं ठरावीक ठिकाणी घसरतात. सुरक्षा परिषदेत 15 सदस्य, त्यातले पाच कायम. ठराव मंजूर व्हायला नऊ मतं लागतात आणि कार्यपद्धतीचा मुद्दा सोडला तर पाचांपैकी कोणाचंही विरोधी मत नको. कायम सदस्य तटस्थ राहिला तर तो नकाराधिकार होत नाही, हे बहुतेक उत्तरांत चुकतं. ठराव मूळ स्वरूपात वाचायची सवय लावा. सुरुवातीच्या परिच्छेदांत पार्श्वभूमी असते, क्रमांक घातलेल्या परिच्छेदांत खरा निर्णय. तिथं क्रियापद बघायचं. परिषद 'आवाहन करते' की 'ठरवते', आणि सनदेच्या सातव्या, म्हणजे सक्तीच्या कारवाईच्या, प्रकरणाचा उल्लेख आहे का? या दोन गोष्टींवरून ठरावात किती दम आहे ते कळतं. बातमीत हे नसतं. ही कागदपत्रं सहा अधिकृत भाषांत मिळतात, त्यात मराठी-हिंदी नाही. म्हणून उत्तरं मराठीत लिहा, खुशाल लिहा, पण रोज दोन पानं इंग्रजी कागदपत्र वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. सोबत नकाशा उघडा ठेवा. होर्मुझ आणि मलाक्काची सामुद्रधुनी हातानं काढता आली पाहिजे.

टीव्हीवरच्या चर्चा ऐकून चालू घडामोडींच्या नोट्स काढू नका. त्यात मत असतं, क्रम नसतो. एक विषय धरा, तारखेनं घटना लावा, प्रत्येकीपुढं संबंधित करार किंवा कलम लिहा. तेवढं पुरतं.

पदवीनंतरचं थोडक्यात. यूपीएससीला राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय आहे, 250 गुणांचे दोन पेपर, मराठीतून लिहिता येतात. दुसऱ्या पेपरात तौलनिक राजकारण आणि परराष्ट्र धोरण येतं. केंद्रीय विद्यापीठांत एमएला जायचं तर सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा. शिकवायचं असेल तर एमएनंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा.

प्रकल्पासाठी विषय शोधताना लांब जायची गरज नाही. यशवंतराव चव्हाण 1962 च्या चीन युद्धानंतर संरक्षणमंत्री झाले आणि 1974 ते 1977 परराष्ट्रमंत्री होते. 1976 मध्ये भारत आणि चीननं एकमेकांकडं पुन्हा राजदूत नेमले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. लोकसभेतल्या चर्चांचे वृत्तान्त संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट मिळतात. त्या काळातले चीनविषयक प्रश्न आणि उत्तरं काढा, कोणी काय विचारलं आणि मंत्र्यांनी कशाला बगल दिली ते शेजारी शेजारी मांडा. मात्र जून 1975 पासून आणीबाणी होती, विरोधी पक्षांचे कित्येक नेते तुरुंगात आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. त्यामुळं त्या वर्षांत सभागृहात विरोध कमी दिसला म्हणून धोरणावर एकमत होतं, असा निष्कर्ष काढू नका. 1974 आधीच्या आणि मार्च 1977 नंतरच्या चर्चा सोबत वाचल्या तरच तुलना टिकते.