माझा अनुभव : कंपायलरच्या सेटिंगने बुद्धिबळाचं इंजिन वेगवान करताना

गेली दोन वर्षं ऑफिसातून लालबागला घरी आलो की मी सी++ मध्ये बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे चाली शोधून खेळणारा प्रोग्राम, लिहीत बसतो. या मे महिन्यात ठरवलं, कोडच्या एकाही ओळीला हात लावायचा नाही, फक्त जीसीसी या कंपायलरच्या (कोडमधून चालणारी फाइल बांधणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमधून वेग किती वाढतो ते बघायचं.

वेग वाढवताना चाली चुकायला नकोत. त्यासाठी पर्फ्ट चाचणी आहे, ती शक्य त्या सगळ्या चालींचे क्रम मोजते : सुरुवातीच्या मांडणीपासून ५ प्लाय (दोन्ही बाजूंच्या मिळून पाच चाली) खोल ४८,६५,६०९ एवढाच आकडा यायला हवा. शिवाय एका थ्रेडवर ठराविक खोलीपर्यंत शोध चालवला की नोड्सची (तपासलेल्या मांडण्यांची) संख्या प्रत्येक बिल्डला, म्हणजे बांधलेल्या प्रत्येक फाइलला, तीच राहिली पाहिजे, वेळ तेवढा कमी व्हावा.

ओ-२ वरून ओ-३ वर, म्हणजे कंपायलरच्या वेग वाढवण्याच्या पुढच्या पातळीवर, गेल्याने फारसं काही हाती लागलं नाही. माझ्याच प्रोसेसरसाठी फाइल बांधायला सांगणाऱ्या 'मार्च नेटिव्ह'ने लागलं, कारण ६४ घरांच्या बिटबोर्डमधले (प्रत्येक घर एका बिटने दाखवणाऱ्या आकड्यातले) बिट मोजायला प्रोसेसरची एकच सूचना पुरली. मग हत्ती-उंटांच्या चालींसाठी आधीच लिहून ठेवलेला पेक्स्टचा (आकड्यातले निवडक बिट एकत्र काढणाऱ्या प्रोसेसरच्या सूचनेचा) पर्याय चालू केला आणि इंजिन चक्क मंदावलं! दोन संध्याकाळी त्यात गेल्या. माझा प्रोसेसर एएमडीचा रायझन, झेन-२ पिढीचा. त्यात पेक्स्ट मायक्रोकोडमधून, म्हणजे आतल्या आत अनेक छोट्या पायऱ्यांनी, चालते, म्हणून फार हळू. झेन-३ पासून हे सुधारलं. मी गुपचूप मॅजिक बिटबोर्डवर (गुणाकार करून तयार तक्त्यातून चाली काढण्याच्या पद्धतीवर) परतलो.

मोजमापाचाही त्रास होताच. दुपारी खोली तापली की लॅपटॉप प्रोसेसरचा वेग कमी करतो, तीच फाइल सकाळपेक्षा हळू पळते. म्हणून पहाटे पाचला, पंख्याखाली, चार्जर लावून, जुनी-नवी फाइल आलटून पालटून दहादा चालवायची आणि मधला आकडा धरायचा.

सगळ्यात मोठी कमाई प्रोफाइल वापरून केलेल्या बिल्डची. स्टॉकफिश या प्रसिद्ध इंजिनाच्या मेकफाइलमधलं (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमधलं) 'प्रोफाइल-बिल्ड' वाचून ही पद्धत कळली. एकदा कोडचा कोणता भाग किती वेळा चालतो याच्या मोजणीसह बिल्ड करायचं, इंजिन चालवायचं, मग त्या नोंदी देऊन पुन्हा बिल्ड. कोणती अट बहुतेक वेळा कुठे वळते हे कंपायलरला कळतं आणि सतत लागणारा कोड तो जवळ जवळ ठेवतो. पहिल्यांदा मी नोंदींसाठी पर्फ्टच चालवलं, हाताशी होतं म्हणून. पण पर्फ्ट फक्त चाली काढतं. मूल्यमापन आणि हॅश टेबलचा (आधी तपासलेल्या मांडण्या साठवणाऱ्या तक्त्याचा) कोड त्यात चालतच नाही, म्हणून कंपायलरने तो बिनकामाचा धरला. मग ओपनिंग, मिडलगेम, एंडगेम अशा चाळीस मांडण्यांवर खरा शोध चालवून नोंदी घेतल्या. सेकंदाला ११ लाख नोड्स होते, ते १३ लाखांच्या पुढे गेले. नोड्सची संख्या तीच!

त्याच रात्री गिरगावातल्या मित्राला फाइल पाठवली. त्याचा फोन आला, "अरे, तुझं इंजिन उघडतच नाही. काळी खिडकी येते नि जाते." त्याचा प्रोसेसर जुना, एव्हीएक्स-२ या नव्या सूचना नसलेला, माझी फाइल माझ्याच मशीनसाठी बांधलेली. 'मार्च नेटिव्ह' काढून त्याच्यासाठी वेगळं बिल्ड केलं, पाठवलं आणि आधी पर्फ्ट चालवायला सांगितलं. फोनवर त्याने आकडा सावकाश वाचून दाखवला : ४८,६५,६०९.