आम्ही लँकेशायरचे

1 एप्रिल 1974 ला ब्रिटिश सरकारने आमचा जिल्हा बदलला. रात्री झोपलो ते लँकेशायरमध्ये आणि सकाळी उठलो ते ग्रेटर मँचेस्टरमध्ये. घर तेच, पाऊस तोच. तारीख अशी होती की आमच्या गल्लीत कित्येकांनी ही थट्टाच धरली. माझे वडील, अण्णा, मात्र खवळले. मूळचे सावंतवाडीकडचे, मग परळच्या गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात, आणि 1964 मध्ये रोजगाराचं व्हाउचर, म्हणजे इथे येऊन काम करायचा सरकारी परवाना, मिळवून लँकेशायरमधल्या ओल्डहॅम गावाला आलेले. एवढ्या लांब येऊन मिळवलेलं लँकेशायर कुणीतरी कागदावर काढून घेतं म्हणजे काय? पत्त्यात ग्रेटर मँचेस्टर लिहायचं नाही, असा घरात हुकूम निघाला.

त्यांच्या रागाला कारण होतं. परळला ज्या यंत्रावर ते काम शिकले, त्याच्या बिडाच्या पाटीवर 'प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम' असं लिहिलेलं होतं. इंग्रजी धड वाचता येत नव्हतं तेव्हापासून ती अक्षरं त्यांना पाठ. मुंबईच्या गिरण्यांत कितीतरी यंत्रं लँकेशायरहूनच आलेली. ओल्डहॅममध्ये आम्ही वर्नेथ भागात भाड्याने राहायला लागलो, तर प्लॅटचा कारखाना चालत जाण्याच्या अंतरावर! लंडनहून पाहुणे आले की अण्णा आधी त्यांना तो बाहेरून दाखवून आणायचे. पाहुणे कंटाळायचे.

आई, भाऊ आणि मी 1968 मध्ये आलो. मी सहा वर्षांची होते. वर दोन खोल्या, खाली दोन खोल्या, परसाच्या टोकाला संडास, आंघोळीला भिंतीवर टांगलेला पत्र्याचा टब. माझ्या वयाचे इथले लोक आता या संडासाबद्दल डोळ्यांत पाणी आणून बोलतात. काय दिवस होते म्हणे! जानेवारीत रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन जाणाऱ्या माणसाला त्यात काही काव्य दिसत नव्हतं. आईचा हिशेब वेगळाच होता. लालबागच्या चाळीत सगळ्या मजल्यात मिळून दोन संडास होते. हा लांब असला तरी आपला एकटीचा. गल्लीतल्या बायका घरमालकाच्या नावाने बोटं मोडायच्या तेव्हा आई गप्प बसायची, कारण तिच्या मते आमची परिस्थिती सुधारली होती.

अण्णांना रातपाळी. रातपाळीवर बहुतेक आपल्याकडचे आणि पाकिस्तानातले लोक, दिवसपाळीवर गोरे. कुणी असा नियम लिहिला नव्हता, पण तसंच होतं. ते सकाळी घरी यायचे तेव्हा केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. इथे गिरण्या का आल्या ते त्यांनी मला जेवताना समजावून सांगितलं होतं: पेनाइन डोंगरांना अडून पाऊस पडतो, हवा कायम ओलसर, त्यामुळे सूत तुटत नाही. एकेकाळी या एका गावात तीनशेहून जास्त गिरण्या होत्या. शाळेला जाताना पावसाची कुरकुर केली की अण्णा म्हणायचे, "त्या पावसावर आपलं पोट आहे."

शेजारच्या घरात एक विधवा बाई राहायच्या. आम्ही त्यांना आंटी म्हणायचो आणि त्या आम्हा सगळ्यांना, पोस्टमनसकट, 'लव्ह' म्हणायच्या. त्या मूळच्या लँकेशायरमधल्याच डार्वेन गावच्या, चौदाव्या वर्षापासून मागावर. मागांच्या खडखडाटात ऐकू काही येत नसे, म्हणून विणकर बायका ओठ मोठे हलवून, हातवारे करून बोलायच्या. त्याला 'मी-मॉ' म्हणत. गिरणी सुटून वर्षं झाली तरी आंटींची सवय सुटली नव्हती. बाजारात, भर गर्दीत, रस्त्याच्या पलीकडच्या मैत्रिणीला त्या कुणाच्या तरी ऑपरेशनची सगळी हकीकत आवाज न काढता सांगायच्या. आणि आमची आई, जिला इंग्रजीची दोन वाक्यं जमत नव्हती, ती त्यांच्याशी खिडकीच्या काचेतून तासन्‌तास बोलायची. व्याकरण नाही, उच्चार नाहीत, तोंड आणि हात पुरेसे. माझ्याबद्दल काही चाललंय हे कळायचं, काय चाललंय ते कधीच कळलं नाही.

आंटींनी गांधीजींना पाहिलं होतं. सप्टेंबर 1931 मध्ये गोलमेज परिषदेच्या काळात गांधीजी मुद्दाम डार्वेनला आले. आपल्या बहिष्कारामुळे ज्यांचं काम गेलं त्या कामगारांना भेटायला. आंटींचे वडील तेव्हा बेकार. तरीही घरातले सगळे बघायला गेले आणि गिरणीतल्या पोरींनी जयजयकार केला. "तुमच्या त्या गांधीने आमच्या बापाची नोकरी घालवली," आंटी अण्णांना म्हणायच्या, "पण त्या पावसात नुसती चादर गुंडाळून आला होता बिचारा." यावर काय बोलायचं ते अण्णांना दरवेळी सुचत नसे. नंतर अण्णांची गिरणी बंद पडली. 1982 च्या संपानंतर परळला काकाही घरी बसला. तेव्हा दोष कुणाला द्यायचा यावर अण्णा आणि आंटींची बरीच चर्चा व्हायची.

5 नोव्हेंबरला, राजाला उडवायचा जुना कट फसला त्याच्या आठवणीत, गल्लीत शेकोटी पेटायची आणि आंटी काळे वाटाणे शिजवायच्या. मीठ आणि व्हिनेगर, बस्स. आईने एका वर्षी त्यात कांदा-खोबऱ्याचं वाटण घातलं. गल्लीत दोन तट पडले. पातेलं मात्र रिकामं झालं.

ओल्डहॅमच्या अभिमानाचं म्हणाल तर तो फार बारीकसारीक गोष्टींचा असतो. इंग्लंडमध्ये चिप्स सर्वांत आधी आमच्या टॉमीफील्ड बाजारात तळल्या गेल्या, अशी तिथे पाटी लागली होती. शेजारचे मॉसलीवाले आणि लंडनवाले पहिल्या मासे-चिप्सच्या दुकानाचा मान आपल्याकडे ओढतात. लंडनवाल्यांचं मी मनावर घेत नाही. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, लुईस ब्राऊन, जुलै 1978 मध्ये ओल्डहॅमच्याच रुग्णालयात जन्मली. आणि ॲनी केनी! दहाव्या वर्षी गिरणीत लागलेली, तिथेच एक बोट गमावलेली, बायकांच्या मताधिकारासाठी 1905 मध्ये तुरुंगात गेलेली पोरगी. तिचा पुतळा जुन्या टाउन हॉलसमोर बसला तो 2018 मध्ये. एवढा उशीर का, हे विचारण्यात अर्थ नाही. गिरणीकामगार बाई होती.

पण हा अभिमान आम्हाला फुकट मिळाला नाही. सत्तरीच्या दशकात बाहेरून आलेल्यांना हाकला म्हणणाऱ्या नॅशनल फ्रंट पक्षाची पोरं भिंतींवर जे लिहायची ते मी इथे लिहिणार नाही. आमच्या खिडकीवर दगड आला तेव्हा काच आंटींच्या पुतण्याने बसवून दिली, आणि दगड मारणारा याच गल्लीतला असावा असं आम्हाला वाटत होतं. दोन्ही खरं. मे 2001 मध्ये इथे वांशिक दंगल झाली. तेव्हापासून बाहेरच्या माणसाला ओल्डहॅम म्हटलं की तेवढंच आठवतं. ते ऐकलं की मी अजूनही भांडायला उठते.

अण्णा मात्र कुणाच्या परवानगीसाठी थांबले नव्हते. दादरचे फारूख इंजिनिअर 1968 पासून लँकेशायरकडून खेळत होते, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने संघ आपलाच, आणि शेजारचं यॉर्कशायर म्हणजे त्याचा हाडवैरी. ऑगस्ट 1971 मध्ये भारताची कसोटी ओल्ड ट्रॅफर्डवर होती. अण्णा रातपाळी संपवून, न झोपता, आम्हा दोघांना घेऊन गेले. इंग्लंडचे सात गडी बाद झाले होते, यष्टीमागे इंजिनिअर, सगळं मनासारखं. मग इलिंगवर्थ आणि पीटर लिव्हर चिकटले. लिव्हर लँकेशायरचा गोलंदाज, फलंदाजी अशी नाहीच. तो नाबाद 88 पर्यंत गेला. त्याच्या प्रत्येक चौकाराला अण्णा टाळ्या वाजवत होते. शेजारी बसलेले सरदारजी त्यांच्याकडे रोखून बघायला लागले.

"अण्णा, तो इंग्लंडचा आहे ना?" भावाने विचारलं.

"लँकेशायरचा आहे."

इलिंगवर्थचं शतक झालं. सगळं मैदान उभं राहिलं, सरदारजीसुद्धा. अण्णा डबा उघडून चपातीला भाजी लावत बसले. तो यॉर्कशायरचा होता.