अण्णांचा निळा

बुधवार, रात्र

आज मेणवली. वाईहून साडेसहाला निघालो. घाटावर पोचलो तेव्हा कृष्णेवर धुकं होतं. अण्णांची खुर्ची घंटेपाशी मांडली. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेतली ती घंटा. इथे येणारा प्रत्येक चित्रकार तिथेच बूड टेकतो, त्यामुळे मेणवलीची निम्मी चित्रं एकाच कोनातली. मोतीबिंदू काढून महिना झाला. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा अण्णांच्या खिशातच.

३०० जीएसएमचा जाड कागद, पाव शीट. धुकं ओल्यावर ओलं सोडलं, ते जमलं. मग पायऱ्या. ऊन पायरीच्या कडेवर पडतं, तेवढी बारीक पट्टी कोरी सोडायची. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. गेला की गेला. (ब्लेडने खरवडून परत आणता येतो, पण अण्णांच्या लेखी ती चोरी.) शाळेत ते एलिमेंटरीच्या पोरांना चित्रकार हळदणकरांची दिवा घेतलेली बाई दाखवायचे. आधी "ही रविवर्म्याची नाही" असं बजावायचे, मग विचारायचे, "उजेड कुठल्या ट्यूबमधला, सांगा."

माझ्या दोन पट्ट्या बुजल्या. अण्णांनी बघितलं, बोलले नाहीत. पूर्वी चारचौघांत बोलायचे.

घरी आल्यावर त्यांनी स्वतःची गेल्या तीन-चार वर्षांची चित्रं काढायला लावली. खिडकीपाशी एकेक धरून बघत बसले.

"अगं, हा एवढा निळा मी टाकलाय?"

सावल्या सगळ्या शाईत बुडवल्यासारख्या. मोतीबिंदूत भिंग पिवळं पडतं, निळा गिळतं. तो दिसेना, म्हणून हात अल्ट्रामरीन वाढवत गेला. त्यात तपकिरी बर्न्ट सिएना किती घातला की करडा होतो, हे झोपेतही न चुकणारा हात.

मला ते दिसत होतं, पहिल्यापासून. म्हातारपणी काहीतरी नवीन करून बघतायत असं वाटलं, असं लिहिणार होते. खोटं आहे. अण्णा घसरले असं वाटलं, आणि कुठेतरी बरं वाटलं.

"तुला दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

काय सांगणार? आजचं चित्र पुढे केलं. त्यांनी ते उजेडाकडे तिरकं धरलं, बुजलेल्या दोन्ही पट्ट्यांवरून नख फिरवलं.

"ब्लेड आण," म्हणाले.