बोरीखालचं पाडस

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी दवाखान्याचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात मोटारसायकलवर दोन पोरं आली. मागच्याच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. मला वाटलं कुत्र्याचं पिल्लू, कारण टॉवेलातून आमच्याकडे बहुतेक तेच येतं. टॉवेल बाजूला केला तर दोन लांब कान निघाले आणि डोळ्याच्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत उतरलेली काळसर रेघ. चिंकाऱ्याचं पाडस.

"सर, लळिंगच्या कुरणात सापडलं. एकटंच पडलेलं होतं. आई मेली याची."

"मेलेली पाहिली का?"

"नाही. पण आम्ही दहा मिनिटं थांबलो ना."

लळिंग म्हणजे धुळ्यापासून मुंबई-आग्रा महामार्गावर दहाएक किलोमीटर. वर फारुकींच्या काळातला किल्ला, खाली कुरण, त्यात लांडोर बंगला. ३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब तिथे आले होते, म्हणून दरवर्षी त्या तारखेला तिथे माणसांचा पूर असतो. एरवी सकाळी फिरायला येणारे धुळेकर आणि रील काढणारी पोरं. मोठ्या शहरांना मोठ्या बागा असतात, आमच्या वाट्याला हे रान आलंय. बिबट्याचे ठसेही सापडतात, तरी लोक तिथे चप्पल घालून फिरतात.

पाडस टेबलावर ठेवलं आणि पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांवर फडकं टाकलं. दिसेनासं झालं की ही जनावरं निवांत होतात. पोरांना वाटत होतं ते माणसाळलंय, कारण ते हलत नव्हतं. हलणार कसं? चार-आठ दिवसांच्या पाडसाकडे पळायला पाय नसतात, त्याचं एकच शस्त्र, निपचित पडून राहणं. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या पाडसांत हे मोजूनही झालंय, धोका जवळ आला की त्यांच्या काळजाचे ठोके वाढायच्या ऐवजी मंदावतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, किती शांत आहे बिचारं.

नाळेचा तुकडा वाळून काळा पडला होता, अजून गळला नव्हता. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, लगेच जागेवर बसली. म्हणजे अंगात पाणी होतं. पोट गोल आणि टणक. शेपटीखाली स्वच्छ, चिकटलेलं काही नाही. ही शेवटची खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एवढं लहान पाडस आपलं आपण शी-शू करत नाही, आई चाटते तेव्हा करतं आणि ती ते साफही करते, वास मागे राहू नये म्हणून. आई मेलेल्या पिल्लाचं बूड असं धुतल्यासारखं नसतं.

"याला पहाटे आईने पाजलंय. तुम्ही काय पाजलं?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. बाटलीच्या झाकणाने गाईचं दूध, दोन-तीन झाकणं.

मी ओरडलो नाही. ओरडायचा मला अधिकार नव्हता. बारा-तेरा वर्षांपूर्वी, नवा नवा दवाखाना टाकला होता तेव्हा, असंच एक पाडस माझ्याकडे आलं होतं. मी ते ठेवून घेतलं. शेळीचं दूध, लहान बाळाची बाटली, रात्री उबेला बल्ब. दवाखान्यात दहा माणसं येऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेली, फोटो काढून गेली. सकाळी ते मेलेलं होतं. उघडून पाहिलं तर दूध फुप्फुसात. कॉलेजात शेळीच्या करडाला बाटली कशी धरायची हे शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. त्या रात्री मान वर उचलून पाजलं. चूक माझीच.

१९२६ ला फोन लावला, ही वनखात्याची हेल्पलाइन. वनरक्षक वीस-पंचवीस मिनिटांत आला, सोबत एक म्हातारा वनमजूर, ज्याला सगळे आप्पा म्हणत होते. चिंकारा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत, हे ऐकल्यावर पोरांची तोंडं उतरली. वनरक्षक म्हणाला, "ते नंतर बघू. जागा कुठली?"

जागा सांगता येईना. "झाडाखाली." पण मोबाइलमध्ये फोटो होता, एकाने पाडसाशेजारी बसून काढलेला. आप्पांनी फोन लांब धरला, डोळे बारीक केले. मागे दोन अंजन, नवी लालसर पालवी फुटलेले, आणि कोपऱ्यात वनहद्दीचा दगडी बुरूज. "आते कळनं," ते म्हणाले. "चाला."

सव्वादहाला आम्ही पाडस त्याच बोरीखाली, त्याच खळग्यात ठेवलं. वाळक्या पवन्या गवतात ते ठेवलं आणि दोन पावलं मागे सरलो तर मला ते दिसेना. पुन्हा वाकून शोधावं लागलं. पोरांना हे फिरताना कसं दिसलं हेच नवल.

"पण सर, आपला हात लागलाय ना. आता आई घेणार नाही," पोरगा म्हणाला.

हे मला गोठ्यातली माणसंही सांगतात. तसं नसतं. आईला माणसाचा वास आवडत नाही हे खरं, पण पोटचं पोर त्यापायी टाकत नाही ती. तिला अडवतो तो माणूस स्वतः, जवळपास उभा असलेला. ठरलं असं, दिवस मावळेपर्यंत वाट बघायची, नाहीच आली तर उचलायचं. ऊन त्रेचाळीसच्या घरात. पोरांना घरी जा म्हटलं तर ती जाईनात.

साठ-सत्तर पावलांवर खैराच्या विरळ सावलीत बसलो. अर्ध्या तासात ढाब्यांच्या बाजूने दोन कुत्री आली, नाक खाली घालून. कुरणातल्या हरणांचा बिबट्यापेक्षा मोठा वैरी म्हणजे ही उष्ट्यावर पोसलेली कुत्री. आप्पा काठी घेऊन त्यांच्यामागे महामार्गाकडे गेले आणि घामाघूम होऊन परत आले.

दुपारी घरून फोन. बहीण माहेराला आलेली, सांजोऱ्या तळणं चाललेलं, आणि आंबे आणायचं काम माझ्याकडे. "कुठे आहात?" "पेशंटजवळ." खोटं नव्हतं.

एकच्या सुमाराला काटक्यांची मोळी घेऊन एक बाई वाटेने आली. आम्ही पाच माणसं एका झुडपाकडे टक लावून बसलोय हे बघून थांबली. आप्पांनी सांगितलं. तिने मोळी डोक्यावरून उतरवलीही नाही.

"माय तठेच शे त्यानी. तुम्ही उठा आठेन, मंग ती येई."

जाता जाता हसून म्हणाली, "आखाजीले आंडेरले माय भेटाले नको का?"

आंडेर म्हणजे लेक. पाडस नर होतं, पण ते सांगायला गेलो नाही. माझी फी घेणारी डिग्री आणि वनरक्षकाचं प्रशिक्षण, दोघांना साठ पावलं पुरेशी वाटली होती. उठलो, टेकाडावर दोनशे पावलं लांब गेलो. वारा पश्चिमेचा, म्हणून पूर्वेला बसलो. तोटा एवढाच की उतरतं ऊन थेट डोळ्यावर.

साडेचारला वनरक्षकाने दुर्बीण माझ्या हातात दिली. अंजनाच्या खोडाशेजारी मादी उभी. कधी आली कोण जाणे. बारीक, गुळगुळीत, पेन्सिलीएवढी शिंगं. चितळ-सांबराच्या मादीला शिंगं नसतात आणि नराची दरवर्षी गळतात, ती सारंगं. चिंकारा कुरंग, शिंग आलं की जन्माचं. पोरांना हे कुजबुजून सांगत होतो तर आप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

तिने पुढचा पाय जमिनीवर आपटला. मग शिंकल्यासारखा आवाज, नाकातून. त्या शिंकेवरूनच चिंकारा नाव पडलं म्हणतात. काळी शेपटी सारखी फडफडत होती. दहा पावलं पुढे आली, थांबली, पुन्हा पाय आपटला आणि वळून सरळ निघून गेली. एक पोरगा रडवेला झाला. मी मनात बाटलीचा, बल्बचा विचार करायला लागलो होतो, खरं सांगतो.

सहा वाजून गेल्यावर ती दुसऱ्या बाजूने आली. या वेळी चरत चरत, बोरीकडे न बघता, जणू तिचं तिथे काही कामच नाही. बोरीपासून वीसेक पावलांवर मान वर केली. आवाज काही केला असेल तर आमच्यापर्यंत आला नाही. पण गवतातून दोन कान उभे राहिले, मग चार काड्यांसारखे पाय. दिवसभर दगड होऊन पडलेलं ते पोर तीरासारखं तिच्या पोटाखाली घुसलं आणि कासेला अशी ढुशी मारली की तिचा मागचा पाय उचलला गेला. ती मान वळवून त्याची शेपटी उचलून चाटत राहिली. आमच्या हातांचा, टॉवेलाचा, स्पिरिटचा वास सगळा तिथे असणार. ती नुसती चाटत होती.

दोन-तीन मिनिटं पाजलं असेल. मग ती चालायला लागली, ते मागे. बुरुजाच्या पलीकडे गेल्यावर गवताच्या रंगात दोघं विरली.

पोरांनी त्या वेळचा फोटो काढला नाही. बहुधा बॅटरी संपली होती. वनरक्षकाने दोघांचे जबाब लिहून घेतले आणि पाठवून दिलं.

अंधारात गाडीकडे उतरताना आप्पा माझ्याबरोबर चालत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग घसा खाकरला.

"डाक्टर, एक इचारू का? सकायपासून डोकामा शे. मनी म्हैस तीन येळा भरी, पन गाभन नही राहत."

गाडीच्या बॉनेटवर बसून तिचा माज किती दिवसांनी येतो, सोट, म्हणजे माजातला चिकट स्राव, कसा पडतो, हे सगळं विचारून घेतलं. आंब्यांची दुकानं तोवर बंद झाली होती.