टाकी नंबर तीन आणि सावद्याचे आप्पा

मे महिना, जळगाव. सकाळी साडेअकराला ब्रुअरीत शिरलो तेव्हा बाहेर ४३ डिग्री होतं, आणि आत काचेमागं आमच्या टाक्या असतात त्या खोलीत पाय टाकल्याबरोबर केळीचा वास आला. पिकलेल्या केळीचा, पार घमघमाट. मी मूळचा फैजपूरकडचा, लहानपणी आमच्या घरात मागच्या खोलीत केळीचे घड पिकायला लावलेले असायचे, त्यामुळं हा वास ओळखायला मला एक सेकंदही लागत नाही. आणि त्या खोलीत एकही केळ नव्हतं.

आता हे काय प्रकरण ते नीट सांगतो. हायवेला लागून हॉटेल आहे आणि त्याला जोडून आमची छोटी ब्रुअरी, हजार लिटरच्या चार टाक्या, बिअर बनवायचं काम माझ्याकडं आणि मदतीला दोन पोरं. मी बायोटेक जळगावातच केलं आणि मग पुण्याला गेलो, तिथं २००९ ला डूलॅली नावाची छोटी ब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून हळूहळू बऱ्याच छोट्या ब्रुअऱ्या उभ्या राहिल्या, त्यातल्याच एकीत मी आधी काही वर्षं टाक्या धुतल्या आणि मग शिकलो. गावाकडं परत आलो तेव्हा सगळे म्हणाले खान्देशात ही बिअर कोण पिणार, इथं बिअर म्हणजे स्ट्राँगची बाटली, दात शिवशिवेपर्यंत गार, आणि प्रश्न एकच की किक किती. पहिले दोन महिने लोक आमचे ग्लास परत पाठवायचे, म्हणायचे भाऊ ही तर गढूळ आहे, खराब झाली वाटतं.

तर ती गढूळच असते. गव्हाची बिअर, जर्मनीतल्या बव्हेरियात तिला हेफेवायझन म्हणतात, हेफे म्हणजे यीस्ट आणि वायझन म्हणजे गहू, यीस्ट गाळून काढतच नाहीत म्हणून ती धुरकट दिसते. निम्म्याच्या वर गव्हाचा मॉल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) असतो, बाकी बार्लीचा, हॉप्स, म्हणजे कडूपणा देणारी फुलं, अगदी कमी. आणि चव? केळी आणि लवंग. दोन्ही वरून टाकलेलं नसतं हे लोकांना सांगून सांगून माझा घसा बसलाय. तिथला १५१६ सालचा कायदा बार्ली, हॉप्स आणि पाणी सोडून चौथी गोष्ट टाकू देत नव्हता, गव्हाला पुढं सवलती मिळाल्या, पण केळी टाकायला तिथं केळी होती कुठं. ती चव यीस्ट तयार करतं. लवंगेची चव धान्यातल्या एका आम्लापासून बनते, त्यासाठी आम्ही मॅश, म्हणजे दळलेला मॉल्ट आणि गरम पाण्याचं मिश्रण, सुरुवातीला ४३-४४ डिग्रीला थोडा वेळ थांबवतो. केळीची चव म्हणजे आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं रसायन, खऱ्या पिकलेल्या केळीत असतं तेच, केळीच्या गोळ्याबिस्किटांतला इसेन्स पण तोच. मधमाशी डंख मारते तेव्हा बाकीच्या माशांना बोलवायला जो वास सोडते त्यातही मुख्य हेच असतं, म्हणून मधपेट्यांजवळ केळ खात नाहीत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत फिरलो होतो.

या दोन चवींचा तोल सांभाळणं हेच सगळं काम आहे. यीस्टला १७-१८ डिग्रीला ठेवलं तर लवंग आणि केळी दोघं गुण्यागोविंदानं नांदतात, २२ च्या वर गेलं की केळी डोक्यावर बसते, आणि त्याच्याही वर गेलं तर जड अल्कोहोल तयार होतात, घशात जाळ आणि दुसऱ्या दिवशी डोकं. त्यात यीस्ट साखर खाताना स्वतःच उष्णता सोडतं, म्हणजे बाहेर थंडी असली तरी टाकी आतून तापते. आणि इथं बाहेर जळगावचा मे महिना.

टाकी नंबर तीनमध्ये ती बॅच दुसऱ्या दिवसावर होती, म्हणजे यीस्ट पार जोमात. पॅनलवर २१.४. लावलेलं होतं १८ वर.

मागं पळालो. चिल्लर, म्हणजे टाक्या गार ठेवणारं मशीन, बंद. पहाटे पाचच्या सुमारास लाईट आली-गेली, आली-गेली झालेलं, वॉचमन म्हणाला, त्यात एक फेज उडाला असणार, कंडेन्सरच्या पंख्याची मोटर जळालेली, हात लावला तर जळक्या वार्निशचा वास. पंखा बंद म्हणल्यावर प्रेशर वाढून कॉम्प्रेसर ट्रिप. सहा-साडेसहा तास टाकी कुणी न बघता आपली आपण तापत होती. अलार्म लावायचं दोन महिन्यांपासून माझ्या वहीत लिहिलेलं होतं, लावला नव्हता, ती चूक माझीच.

ज्यांनी चिल्लर बसवला त्यांना फोन केला. माणूस पुण्याहून निघणार, उद्या दुपारपर्यंत पोचणार, मोटर स्टॉकला आहे का बघून सांगतो. उद्या दुपारपर्यंत? हजार लिटर! मी त्यांच्यावर ओरडलो, त्याचा काही उपयोग नव्हता.

पोरांना बर्फाच्या कारखान्यात पाठवलं, रिक्षात लाद्या घालून आणल्या, निळ्या ड्रममध्ये पाणी आणि बर्फ करून छोटा पंप लावला आणि ते पाणी टाकीच्या जॅकेटमधून, म्हणजे तिच्या दुहेरी भिंतीतल्या पोकळीतून, फिरवायला लागलो. हॉटेलच्या एका वेटरनं गोणपाट भिजवून टाकीला गुंडाळू का विचारलं, त्याच्या आईला रांजणाला गुंडाळताना बघितलेलं त्यानं, पण टाकीला बाहेरून जाड इन्शुलेशन असतं, थंडावा आत पोचत नाही. दीड वाजता २२.६. अडीचला २३.१. बर्फ वितळायचा वेग बघून वाटायला लागलं की संध्याकाळपर्यंत जळगावातला बर्फ संपेल. शेठ दोनदा येऊन गेले, काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

मग डोक्यात आलं की बाबा रे, या जिल्ह्यात थंड खोल्यांची काय कमी आहे. सावदा, रावेर, फैजपूर, सगळीकडं केळीची रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायच्या थंड खोल्या, आहेत. माझा शाळेतला मित्र सावद्याला चेंबर चालवतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, "आप्पांला पाठवतो, तू फक्त मोटरची पाटी वाचून फोटो टाक."

आप्पा पावणेपाचला आले. भुसावळवरून, भर उन्हात, मोटरसायकलवर, डोक्याला ओला पंचा आणि मागं पोत्यात बांधलेली पंख्याची मोटर, त्यांच्या चेंबरसाठी ठेवलेली जादाची. साठीच्या पुढचं वय, गळ्यात तुळशीची माळ. मी पाणी दिलं, ते तांब्या तोंडाला न लावता वरून पिले, आणि आत येताच थांबले. नाक वर केलं.

"काय भो, केळी पिकायला टाकली का इथं?"

मी म्हणलं आप्पा केळी नाहीये, बिअर आहे. त्यांनी टाकीकडं पाहिलं, पॅनलवर २३.८ होतं ते पाहिलं, आणि विचारलं, "किती पाहिजे याले?"

"अठरा."

"म्हंजे आमच्याइतकंच." एवढंच बोलून ते चिल्लरकडं गेले.

मोटरचे बोल्ट जुळत नव्हते, त्यांनी पट्टीला नवीन भोकं पाडली. पाती काढून उलटी-सुलटी बघितली, हवा कुठल्या बाजूनं जाते ते हातातला बिडीचा कागद धरून तपासलं (बिडी ओढत नाहीत, कागद खिशात असतो फक्त यासाठी). कंडेन्सरच्या जाळीत मॉल्ट दळताना उडालेली पिठासारखी धूळ बसलेली होती, ती त्यांनी आधी ब्रशनं आणि मग पाण्याच्या पाइपनं सावकाश, वरून खाली, धुतली. मला म्हणाले मोटर जळायच्या आधीच हे मशीन अर्धं मेलेलं होतं, अशा जाळीतून ४४ डिग्रीत ते श्वास कसा घेणार. तीन फेजचे व्होल्टेज मोजून मग बटण दाबलं. सहा वाजून दहा मिनिटांनी पंखा फिरला.

टाकी २४.२ वर गेली होती. तिथून खाली यायला लागली, पण एकदम खाली आणायची नाही, यीस्टला झटका बसला की ते झोपतं आणि मग लोण्यासारखी चव मागं राहते, ती यीस्टच नंतर खाऊन साफ करतं, त्याला जागं ठेवावं लागतं. म्हणून मी तासाला अर्धा-एक डिग्री असं उतरवायचं ठरवलं. आप्पा खुर्ची घेऊन शेजारीच बसले. म्हणलं जेवून घ्या, शेवभाजी मागवतो, तर ते म्हणाले दशमी आहे सोबत, तुझ्या हाटेलात माझं जमायचं नाही. दशमी आणि लसणाची चटणी, मला पण दिली त्यातली.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. केळी पण आतून तापते, म्हणाले. कच्चा माल चेंबरमध्ये लावला, इथिलीन गॅस चोवीस तास दिला की केळी जागी होते आणि श्वास घ्यायला लागते, मग तिला सोळा ते अठराच्या मधी धरून ठेवायचं हेच काम. मशीन बंद पडलं तर चेंबर स्वतःच्या गरमीनं चढत जातं, साल पिवळी व्हायच्या आधी आतला गर शिजल्यासारखा मऊ होतो. आणि तेरा डिग्रीच्या खाली गेलं तर साल काळवंडते, पिकतच नाही नीट. "चढू पण द्यायचं नाही, गारठू पण द्यायचं नाही. तुझं पण तेच दिसून राह्यलं."

मी त्या माणसाकडं बघतच राहिलो. मी पुण्यात जे शिकायला वर्षं घालवली तेच हे गृहस्थ ग्रँड नैन केळीवर तीस वर्षं करत आलेत, आमच्याच घरापासून दहा किलोमीटरवर. जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्याचे बोर्ड सगळ्यांना माहितीयेत, पण मधल्या त्या चार-पाच दिवसांत अंधाऱ्या खोलीत ती केळी सांभाळणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

बारा-तेरा दिवसांनी बॅच तयार झाली. शेठनी आधीच सांगितलेलं, खराब निघाली तर गटारात, आपल्या नावाला बट्टा नको, हे त्यांचं मला फार आवडलं. मी ग्लास भरला, घाबरतच. फेस जाड, पांढरा, मलईसारखा. वास म्हणजे नुसती केळी. पहिल्या घोटाला शिकरण, अक्षरशः शिकरण, मग मागून ब्रेडसारखा गहू, लवंग कुठंतरी लांब, असून नसल्यासारखी. घशात थोडी ऊब होती, पण मला भीती होती तसा जाळ नव्हता. माझ्या हिशोबानं ही चांगली हेफेवायझन नाही, तोल गेलेली आहे, परीक्षेत मी हिला पास करणार नाही. पण ती खराबही नव्हती.

आप्पांना मोटरचे पैसे द्यायला सावद्याला जायचंच होतं, मी एक लिटर बाटलीत भरून नेली. ते पीत नाहीत हे माहिती होतं, मला त्यांचं नाक पाहिजे होतं. चेंबरच्या बाहेर, क्रेटच्या थप्पीवर बसून मी स्टीलच्या पेल्यात ओतली. त्यांनी पेला हातात धरून जरा वेळ तसाच ठेवला, गार वस्तूचा वास येत नाही म्हणाले, मग तळव्यानं तोंड झाकून एकदा हलवला आणि हात काढून वास घेतला. डोळे मिटून.

"ही सहाव्या दिवसाची केळी हाय. डाग पडलेली. बाजारात उतरून जाते ही."

"आणि पाहिजे कुठली?"

उठून आत गेले. चेंबरचं जाड दार उघडलं तेव्हा जी गार हवा तोंडावर आली, उन्हातून आलेल्या माणसाला ती काय वाटते ते लिहिता येत नाही. एक फणी घेऊन आले, पिवळी, पण देठाकडं आणि टोकाला हिरवी. एक केळ मोडून माझ्या नाकाखाली धरलं. गोड वास होता, पण त्याच्या मागं काहीतरी हिरवं, तुरट, जरा तिखटच म्हणा. "ही चौथ्या दिवसाची. याले घर भरत नाही वासानं, पण तोंडात टाकली का कळते."

ती बॅच आम्ही विकली, कमी किमतीत, आणि प्रत्येकाला सांगून की टाकी तापली होती. लोकांनी केळी किती टाकली विचारलं, नेहमीसारखंच. आमच्या भागातल्या एका केळीवाल्या शेतकऱ्यानं तीन ग्लास पिऊन हीच बारा महिने ठेव म्हणून सांगितलं, आणि मी त्याला नाही म्हणलं, कारण ती मी बनवलेली नव्हती, बंद पडलेल्या पंख्यानं बनवली होती.

पुढची बॅच मी साडेसतराला धरली. अलार्म लावला, जाळी दर सोमवारी धुतो. जूनच्या शेवटी, पहिला पाऊस झाल्यावर, परत एक बाटली घेऊन सावद्याला गेलो, तोच पेला, तीच क्रेटची थप्पी. आप्पांनी तळवा काढला, वास घेतला, परत घेतला.

"साडेचार दिवस," म्हणाले. "आणि मसाल्याच्या डब्यासारखं काय आहे रे मागं?"

आमच्या ब्रुअरीच्या वहीत तापमान, ग्रॅव्हिटी (साखर किती उरली ते), पीएच (आंबटपणा) असे रकाने असतात. टाकी तीनच्या पानावर मी आता एक रकाना वाढवलाय, त्यावर फक्त 'दिवस' लिहिलंय, आणि त्यात पहिला आकडा साडेचार आहे.