धाकट्याचा वाटा

गेल्या रविवारी एका मेलेल्या माणसाची तांब्याची भांडी मोजत बसलो होतो. डेन्मार्कच्या बॉर्नहोल्म बेटावरचा शेतकरी, वारला १६९०च्या दशकात. आमच्या शेजारच्या आजोबांचा पूर्वज. 'आजोबा' हे माझ्या मनातच. इथं डेन्मार्कात ऐंशीच्या माणसालाही नुसत्या नावानं हाक मारायची, आणि सहा वर्षांनंतरही माझी जीभ अडखळते.

त्यांना घराण्याचे जुने कागद वाचायचेत, पण नजर अधू झालीय, आणि मला आता जुनी गॉथिक अक्षरं थोडी लागतात. (मोडी शिकताना असाच वैतागलो होतो.) पाद्र्यांनी जन्म-लग्न-मरण लिहून ठेवावं हा राजाचा हुकूम १६४६ सालचा. उरलेली दप्तरं आज घरबसल्या, फुकट बघता येतात. मी लगेच नाशिकच्या उपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्यांचं कौतुक ऐकवलं. त्या बघायला नाशिकला जावं लागतं, हे सांगितलं नाही.

पण नावं! येन्सचा मुलगा हान्स, म्हणून तो हान्स येन्सन. त्याचा मुलगा येन्स हान्सन. आडनाव दर पिढीला नवं. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आपल्यासारखीच, त्यामुळे एकाच चर्चच्या हद्दीत चार-चार येन्स हान्सन. विधवेनं दुसरं लग्न केलं, तर नव्या संसारातल्या पहिल्या मुलाला मेलेल्या नवऱ्याचं नाव. तारखेच्या जागी 'ट्रिनिटीनंतरचा सातवा रविवार' (ट्रिनिटी हा ख्रिस्ती सण). त्यात १७०० साली १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च उजाडला, कारण पंचांगच बदललं. बारशाच्या नोंदीत बापाचं नाव असतं, आईचं बऱ्याचदा नसतंच. "म्हणजे तुमच्याकडेही!" असं मी जरा जोरातच म्हणालो. पण जिची नोंद होती ती बाई मरेपर्यंत बापाचीच लेक राहायची, हान्सडाटर. लग्नानं नाव बदलत नसे. आजोबांनी माझ्या आजीचं माहेरचं नाव विचारलं. मला आठवेना.

विषय बदलावा म्हणून १६५८चं बंड काढलं. त्या वर्षी बेट स्वीडनच्या ताब्यात गेलं होतं. डिसेंबरात बेटकऱ्यांनी स्वीडिश अधिकाऱ्याला रोनं गावात ठार केलं आणि बेट पुन्हा डेन्मार्कच्या राजाला दिलं. आजोबांची छाती फुगली. पुढच्याच वर्षी आमचं प्रतापगड झालं, हे मी सांगितलंच.

मग वाटणीचा कागद लागला. गाई, मेंढ्या, पिसांच्या गाद्या, सगळ्यांची किंमत लावलेली. १६८३च्या कायद्याप्रमाणे भावाला दोन वाटे, बहिणीला एक. आणि शेत? बॉर्नहोल्मच्या रिवाजानं ते सगळ्यात धाकट्या मुलाला. त्यानं भावंडांना त्यांच्या वाट्याचे पैसे द्यायचे, थोरल्यांनी आपला रस्ता शोधायचा.

मी ती ओळ दोनदा वाचली. मी थोरला. चिपळूणचं घर, कलमं आणि आई-बाबा धाकट्याकडे. लोक काय बोलतात ते ठाऊक आहे. म्हणजे बॉर्नहोल्मच्या हिशोबानं मी अगदी रीतीला धरून वागलोय! त्याच रात्री भावाला फोन लावून सगळं सांगितलं.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "बरं दादा, मग तुझ्या वाट्याचे पैसे न्यायला ये की. पावसाच्या आधी ये, घर शाकारायचंय."